धंद्याची हौस आणि धंद्याचा इरादा

जळगावच्या एखाद्या कॉलेजात उद्योजकता शिबिराच्या शेवटी विचारा, 'स्वतःचा धंदा कोणाकोणाला करायचाय?' अर्धा हॉल हात वर करतो आणि तो आकडा अहवालात जातो. पण ते हात हौसेचे असतात. इरादा वेगळा.

हौस लावायला एक बरं भाषण पुरतं. पुढे जैन इरिगेशन ही कंपनी उभी करणाऱ्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरचे ७,००० रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली, हे ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही पोराची छाती फुगते. सोमवारी तोच पोरगा तलाठी भरतीच्या क्लासला दिसतो.

इरादा तीन गोष्टींवर ठरतो, असं मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलं: काम आपल्याला पटतं का, जवळच्या माणसांना पटेल का, आणि आपल्याला जमेल का. खान्देशात मधली गोष्ट फार जड. 'नोकरी नाही, मग पोरगी कोण देईल?' हे अभ्यासक्रमात नसतं, घरी रोज असतं.

वर्गाचा जोर चालतो तो 'जमेल का' यावर, आणि तो दोन्हीकडे ओढतो. रावेरकडचा एक विद्यार्थी केळीचे चिप्स करणार होता. ब्रँडचं नाव, पाकिटाचा रंग, सगळं तयार. हिशेबात मात्र जितकी कच्ची केळी तितकेच किलो चिप्स! एक तृतीयांशाहून जास्त वजन सालीतच जातं, उरलेल्यातलं पाणी कढईत उडतं. पुन्हा आकडे मांडले तर नफा गायब. पोरगा गप्प.

अशी पोरं मागे फिरली की शिक्षण फसलं म्हणतात. मला ते पटत नाही. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांकडून छोटी कंपनी चालवून घेणाऱ्या एका कार्यक्रमाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इरादा चक्क कमी झालेला निघाला. पुढे २०१४ मध्ये ७३ अभ्यास एकत्र तपासले. शिक्षण आणि इरादा यांचा संबंध सापडला, पण बारीक. मुलं वर्गात येण्याआधी किती इच्छुक होती हे धरल्यावर तोही टिकला नाही. बरीचशी मुलं आधीच मन करून आलेली असणार. (शिबिराला नावं कोण देतं ते बघा, कळेल.)

रावेरचा पोरगा आठवड्याने परत आला. ब्रँडचं नाव काढलंच नाही. विचारलं, 'सर, तेलाच्या एका डब्यात घाणे किती निघतात?'