डब्यावरचा आकडा आणि जिनिंगचं आवार

"मामा, हाई ते रांगाले लागनं!" मे महिन्यातल्या एका दुपारी अमळनेरहून भाच्याचा फोन. तो लग्नांचं शूटिंग करतो, अधूनमधून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओही. पीसीत नवी १ टीबीची एसएसडी (चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह) बसवून पंधरा दिवसही झाले नव्हते. डब्यावर सेकंदाला ३५०० एमबी छापलेलं. दुसऱ्या एसएसडीवरचं एका लग्नाचं २५० जीबी फुटेज तिच्यावर टाकायला घेतलं, तर आधी सुसाट पळालं आणि मध्येच आकडा १०० च्या आसपास येऊन बसला.

मी उन्हाला दोष देऊन मोकळा झालो. खानदेशात मे महिन्यात काहीही बिघडलं की पहिला संशय उन्हावरच. म्हटलं, कॅबिनेटचं झाकण काढ, टेबलफॅन लाव, ड्राइव्हचं तापमान बघून सांग. ५८ अंश निघालं. एवढं तापमान एसएसडीला रोजचंच. ऊन निर्दोष सुटलं.

गुन्हेगार होता पेशींमध्ये. एसएसडीतली प्रत्येक पेशी विद्युतभार साठवते आणि तो किती आहे, यावरून माहिती वाचली जाते. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर दोन पातळ्या पुरतात. टीएलसी प्रकारात तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या. क्यूएलसीत चार बिट, म्हणजे सोळा. तेवढ्याच जागेत सोळा पातळ्या बसवायच्या तर भार थोडा थोडा भरायचा, तपासायचा, पुन्हा भरायचा. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहायला मंद.

हा मंदपणा झाकायला एक युक्ती असते. रिकाम्या पेशी आधी एकबिटी म्हणून झटपट भरायच्या आणि नंतर निवांतपणे तोच माल दाबून चारबिटी करायचा. दिवाळीनंतर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या दारात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा आवारात जागा आहे तोवर ट्रॉल्या पटापट रिकाम्या होतात. आवार भरलं, की मशीन जेवढा कापूस ओढेल तेवढीच पुढची ट्रॉली सरकते. डब्यावर छापलेला लिहिण्याचा वेग हा आवाराचा वेग. भाच्याची ड्राइव्ह क्यूएलसी निघाली आणि तिच्यावर ६०० जीबी आधीच भरलेले होते. उरलेल्या ४०० जीबीच्या पेशी एकबिटी वापरल्या तर फार तर १०० जीबी मावणार. लग्न २५० जीबीचं! काही क्यूएलसी ड्राइव्ह या टप्प्यावर जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली उतरतात.

म्हणून एडिटिंगसाठी टीएलसीच घ्यावी, जमल्यास डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी, असलेली. कोणती फाइल कुठल्या पेशीत ठेवली, याची वही त्या डीरॅममध्ये राहते. १ टीबीला साधारण १ जीबी लागतो. डीरॅम नसलेल्या बऱ्याच एनव्हीएमई (मदरबोर्डच्या वेगवान जोडणीवर चालणाऱ्या) ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेतात. गेमिंगला ते चालून जातं, दिवसभर मोठ्या फायली हलवणाऱ्याला मात्र कधी ना कधी नडतं.

गेम खेळणाऱ्यांची वेगाची हाव मला थोडी अनाठायी वाटते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात खरी उडी आहे. ७२०० फेऱ्यांच्या तबकडीला हवी ती जागा सुईखाली आणायला सरासरी ४ मिलिसेकंद नुसत्या फिरण्यात जातात. एसएसडीचं काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होतं. पण जेन ३ सोडून जेन ४, म्हणजे त्या जोडणीची पुढची, जास्त वेगवान पिढी घेतली, तर बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये सेकंद-दोन सेकंदच वाचतात, कारण उरलेला वेळ प्रोसेसर फायली उलगडण्यात घालवतो. सोनीच्या पीएस ५ या गेमिंग कन्सोलचं वेगळं आहे. तिला जेन ४ च लागते, सोनी ५५०० एमबी किंवा जास्त वेगाची शिफारस करते आणि हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) सक्तीचा आहे.

शूटिंगवाल्यांची तक्रार असते ती कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं व्हायला लागणाऱ्या वेळाची. तिथे कुठलीही एसएसडी कामाची नाही. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी, त्यामुळे १२८ जीबीचं कार्ड वीस मिनिटं खाणारच.

आता ऊन. या खेपेला सुटलं तरी ते निरुपद्रवी नाही. एसएसडीत सगळ्यात जास्त तापतो तो कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, आणि साधारण ८० अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. बाहेर ४५, पत्र्याखालच्या खोलीत चाळिशी, कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त, वर ग्राफिक्स कार्डाखालीच एसएसडी बसवायचा एम.२ चा स्लॉट. १४,००० एमबीची जेन ५ अशा खोलीत हौसेखातर घ्यायची तर हीटसिंकची आणि हवेची सोय आधी करा. आणि स्लॉट कोणत्या जेनचा आहे, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून घ्या; जेन ३ च्या स्लॉटमध्ये जेन ४ ची ड्राइव्ह साडेतीन हजारांवरच थांबते.

बंद ड्राइव्हलाही उष्णता सोसत नाही. पेशीतला भार हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर. मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेईडेक संस्थेच्या मानकाप्रमाणे पूर्ण वापरून झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवायला हवी. नवी ड्राइव्ह बरीच जास्त टिकवेल, पण माळ्यावर ३० अंश आपल्याकडे उन्हाळ्यात कुठले? म्हणून गिऱ्हाइकाला देऊन झालेली लग्नं भाचा आता दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

एडिटिंगसाठी त्याने २ टीबीची टीएलसी घेतली, जेन ४, हीटसिंकसकट. जुनी क्यूएलसी विकली नाही. तिच्यावर गेम टाकलेत; ते एकदाच लिहायचे, पुढे नुसते वाचायचे.