अंगरखा एक, घराणे दुसरे : मेनिन्जायटिसच्या जिवाणूंची पार्श्वभूमी

इंदूरहून हजला निघणाऱ्या यात्रेकरूंना प्रवासाआधी मेनिन्जायटिसची (मेंदूभोवतीच्या पडद्यांच्या दाहाची) लस टोचून घ्यावी लागते आणि तिच्या वेष्टनावर ए, सी, वाय व डब्ल्यू-135 ही चार नावे छापलेली असतात. ही नावे जिवाणूच्या शर्करायुक्त आवरणाच्या प्रकारांची आहेत. जिवाणूच्या वंशाची नव्हेत.

या आजाराच्या साथीचे पहिले स्पष्ट वर्णन जिनिव्हात 1805 साली झाले, तर 1887 मध्ये व्हिएन्नात अँटन वाइक्सेलबाउम यांनी त्याचा जिवाणू वेगळा केला. पुढे आवरणावरून बारा गट ठरले, त्यांपैकी सहा गट बहुतेक आजारास कारणीभूत आहेत. लस बनवायला ही वर्गवारी सोयीची. पण नातेसंबंध शोधायला मात्र ती अपुरी ठरते, कारण घशात मुक्काम करणारा हा जिवाणू शेजारच्या जिवाणूंचा डीएनए सहज आत घेतो आणि प्रसंगी आवरणाची जनुकेही बदलून टाकतो. अंगरखा बदलला म्हणून घराणे बदलत नाही, ही बाब 1980 च्या दशकात विकरांच्या (एन्झाइमांच्या) तुलनेतून दिसू लागली. 1998 मध्ये मार्टिन मेडन व सहकाऱ्यांनी पेशीच्या नित्य कामाच्या काही जनुकांचे तुकडे वाचून वंशाला क्रमांक देण्याची पद्धत मांडली, तेव्हा ही बाब पक्की झाली.

हजचा अनुभव याचे उत्तम उदाहरण आहे. 1987 ची साथ ए गटाची होती. त्यानंतर लसीची सक्ती झाली, तरी 2000 मध्ये डब्ल्यू गट (म्हणजेच डब्ल्यू-135) उसळला आणि परतणाऱ्या यात्रेकरूंसोबत अनेक देशांत पोहोचला. तपासात त्याचे घराणे एसटी-11 (वरील पद्धतीतला वंशक्रमांक) निघाले, जे तोवर मुख्यतः सी गटाच्या आवरणात ओळखले जाई. चार गटांची लस सक्तीची होण्यामागे हे कारण आहे.

दिल्लीतील 2005 ची साथ ए गटाचीच होती. बी गटाचे प्रकरण निराळे : त्याचे आवरण मानवी चेतापेशींवरील शर्करेसारखे असल्याने त्याविरुद्ध प्रथिनांवर आधारलेली लस शोधावी लागली. आफ्रिकेत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीमुळे 2010 पासून ए गट जवळपास नाहीसा झाला. पण 2013 पासून नायजेरियात आणि नंतर नायजरमध्ये सी गटाचे एक नवे घराणे पसरले. त्याच संस्थेच्या पाच गटांच्या लसीला 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. तिच्यात एक्स गट आहे, बी नाही.