पुण्यात रिसेल फ्लॅट घेताय? टॅक्सची ४०% सवलत, नावबदल आणि वर्षाचा खर्च

रिसेल फ्लॅट बघताना बहुतेक जण मालकाकडून प्रॉपर्टी टॅक्सचं (मिळकतकराचं) शेवटचं बिल मागतात आणि तोच आकडा आपलाही समजून चालतात, आणि इथेच गणित चुकतं. पुणे मनपाची ४०% सवलत घराला नाहीये, त्या घरात स्वतः राहणाऱ्याला आहे. बिल सवलत धरून ६,००० आलेलं असेल तर सवलत गेल्यावर तेच साधारण १०,००० होतं. म्हणून बिल हातात आलं की आधी बघा सवलत लागलीये का आणि मागची थकबाकी आहे का.

ही सवलत १९७० पासूनची, मध्ये बंद झाली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने परत चालू केली. तुम्ही स्वतः राहणार असाल तर या सवलतीसाठीचा पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा. भाड्याने देणार असाल तर ही सवलत विसरा. अर्जासोबत सोसायटीचं पत्र लागतं की मालक इथे स्वतः राहतात, आणि राहत असल्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, रेशनकार्ड, गॅस कार्ड असं काहीतरी. पुण्यातच दुसरी मिळकत असेल तर तिच्या टॅक्स बिलाची कॉपीपण जोडा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा तुमच्या भागाच्या पेठ निरीक्षकाकडे (टॅक्सचं काम बघणारा मनपाचा माणूस) द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, प्लीज.

त्याआधी नावबदल, म्हणजे मनपाच्या टॅक्स नोंदीत विकणाऱ्याऐवजी तुमचं नाव लावणं. रजिस्ट्रेशन झाल्यापासून ३ महिन्यांत मनपाला कळवायचं असतं, आणि जोपर्यंत कळवलं जात नाही तोपर्यंत विकणाऱ्याचीही टॅक्सची जबाबदारी सुटत नाही, म्हणजे हे दोघांच्याही फायद्याचं आहे. नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स २ (त्या नोंदणीचा सरकारी उतारा), टॅक्स भरल्याची शेवटची पावती, सोसायटीची एनओसी, आधार-पॅन एवढी फाइल तयार ठेवा. आमच्या वहिनींच्या खरेदीखतात फ्लॅट नंबर ७ आणि टॅक्स बिलावर ७अ होता, तेवढ्या एका अक्षरासाठी त्यांना परत जाऊन सोसायटीचं पत्र आणावं लागलं. सहीच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नंबर, मजला, क्षेत्रफळ नीट जुळवा.

टॅक्स दोन सहामाहीत येतो, एप्रिल आणि ऑक्टोबर. थकला तर महिन्याला २% शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला २४%, बँकेचं कर्जसुद्धा एवढं महाग नसतं हो.

आता खरा मोठा खर्च, सोसायटी. इथे लोक नुसतं "मेंटेनन्स किती?" विचारतात आणि सोडून देतात. आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा राखीव निधी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५% आणि दुरुस्ती फंड किमान ०.७५%. जमीन सोडून नुसता बांधकाम खर्च १५ लाख धरला तर ३,७५० अधिक ११,२५०, म्हणजे वर्षाला १५,००० नुसते या दोन फंडांचे. जी सोसायटी हे गोळाच करत नाही तिचा मेंटेनन्स कमी दिसतो आणि आपण खूश होतो, पण मग लिफ्ट किंवा वॉटरप्रूफिंगचं काम निघालं की एकदम मोठी वर्गणी मागतात. त्यामुळे मला तरी कमी मेंटेनन्सची सोसायटी बघितली की आधी फंडात किती शिल्लक आहे ते विचारावंसं वाटतं.

भाड्याने दिलात तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १०% पर्यंतच लावता येतं, त्यापेक्षा जास्त मागितलं तर लेखी विचारा. सोसायटीचं सभासदत्व तुमच्या नावावर करताना ती घेते तो ट्रान्सफरचा प्रीमियमही जास्तीत जास्त २५,०००.

टोकन द्यायच्या आधी मालकाकडून चालू वर्षाचं टॅक्स बिल, सोसायटीकडून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि मालकाकडे काही बाकी नसल्याचं पत्र घ्या. ऑडिट रिपोर्टमध्ये पहिल्यांदा ताळेबंद उघडा, सिंकिंग फंडाची ओळ तिथेच असते.