‘दशकाचा चित्रपट’ आणि ‘दशकातला सर्वोत्तम चित्रपट’

एक जण म्हणतो की १९८० ते १९८९ या काळातला सर्वोत्तम मराठी चित्रपट ‘अशी ही बनवाबनवी’ आहे. दुसरा ‘उंबरठा’चे नाव घेतो, आणि पुढचा तासभर दोघे एकमेकांच्या अभिरुचीची उलटतपासणी करत राहतात. हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे आणि स्वतःही इतक्यांदा घातला आहे, की आता त्यातला घोळ एकदा स्वच्छ मांडणे मला गरजेचे वाटते. बहुतेक वेळा या दोघांचेही म्हणणे बरोबर असते. मात्र ते एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसतात, तर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. मराठीने हा फरक ‘चा’ आणि ‘तला’ या दोन प्रत्ययांत आधीच करून ठेवला आहे. दशकाचा चित्रपट वेगळा आणि दशकातला सर्वोत्तम चित्रपट वेगळा.

दशकाचा चित्रपट कोणता, हे वाचकाला बहुधा सांगावे लागत नाही. ज्याचे संवाद घरोघरी पोहोचले, ज्याच्यासारखे दहा चित्रपट पुढच्या पाच वर्षांत निघाले, ज्याचे नाव घेतले की त्या वर्षांतले कपडे, गाणी आणि बोलण्याची ढब आपोआप डोळ्यांपुढे येते, तो दशकाचा चित्रपट. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ने हे स्थान मिळवले, याबद्दल दुमत असू नये. कथेचे मूळ १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटात आहे, वसंत सबनीसांनी ती मराठीत अशी रुजवली की मूळ चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो, आणि विनोदी चित्रपटांनी व्यापलेल्या त्या मराठी दशकाचा सारा उत्साह तिच्यात उतरला आहे. एवढे पुरे.

दोन किरकोळ मुद्दे इथेच बाजूला ठेवतो, कारण वादाचा अर्धा वेळ तेच खातात. दशक शून्याच्या साली सुरू होते की एकच्या, हा प्रश्न पंचांगाचा आहे, चित्रपटाचा नव्हे. एक पद्धत ठरवावी, यादीच्या वर लिहावी आणि पुढे जावे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट भारताने ऑस्करसाठी पाठवला २००९ मध्ये आणि चित्रपटगृहांत आला जानेवारी २०१० मध्ये, तेव्हा तो कोणत्या यादीत घालायचा हेही असेच एका ओळीत ठरवता येते. दुसरा मुद्दा ‘आवडता’ आणि ‘उत्तम’ यांचा. यावर फार लिहिले जाते, पण मला वाटते की जाणत्या प्रेक्षकाचा इथे क्वचितच गोंधळ होतो. आपला आवडता चित्रपट दुबळा आहे हे माणसाला मनातून ठाऊक असते, आणि त्याची त्याला खंतही नसते.

खरी ठेच लागते ती प्रभावापाशी. ‘या चित्रपटानंतर सगळे बदलले’ असे वाक्य सर्वोत्तमतेचा पुरावा म्हणून मांडले जाते आणि समोरचा ते निमूटपणे मान्य करतो. वास्तविक हे वाक्य चित्रपटाविषयी नाही. ते त्याच्या नंतर आलेल्या चित्रपटांविषयी, निर्मात्यांनी घेतलेल्या धाडसाविषयी आणि प्रेक्षकांच्या बदललेल्या सवयींविषयी आहे. दशकाचा चित्रपट ठरवताना पुरावा चित्रपटाच्या बाहेर शोधायचा असतो आणि दशकातला सर्वोत्तम ठरवताना चित्रपटाच्या आत, हाच तो फरक आहे आणि बाकीचे सगळे त्यातून निघते. पहिल्यासाठी मी असे विचारतो, की हा चित्रपट वगळला तर त्या दशकाची हकीकत सांगता येईल का? दुसऱ्यासाठी असे, की कोणत्या सालचा, कोणाचा, किती गाजलेला यांपैकी काहीही न सांगता हा चित्रपट दाखवला, तर पडद्यावरचे काय शिल्लक राहील?

‘उंबरठा’ला हा दुसरा प्रश्न विचारून पाहावा. १९८२ चा हा चित्रपट, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होणाऱ्या स्त्रीची ही गोष्ट आहे, परंतु तिला नायिका करून बाकीच्यांना खलनायक करण्याचा सोपा मार्ग चित्रपट घेत नाही. सासरची माणसे क्रूर नाहीत, आश्रमाच्या कार्यकारिणीतील बायका स्वतःला समाजसेविकाच समजतात, नवराही आपल्या परीने समजूतदार आहे, आणि तरीही सुलभाला उभे राहायला एकही जागा उरत नाही. शेवटी रेल्वेच्या डब्यात बसलेल्या तिच्या चेहऱ्यावर विजय आहे की एकटेपण, हे ठरवण्याचे काम चित्रपट प्रेक्षकावर सोपवतो. यांतली एकही गोष्ट समजण्यासाठी १९८२ नंतर मराठी चित्रपटसृष्टीत काय घडले हे माहीत असावे लागत नाही. ‘उंबरठा’सारख्या चित्रपटांची लाट आली नाही, उलट दशक विनोदाकडे वळले, म्हणून तो दशकाचा चित्रपट नव्हे. पण दशकातला सर्वोत्तम मी त्यालाच म्हणतो, आणि लाट न आल्याने त्याचे काही उणे होत नाही.

उलट बाजूने पाहिले तर ‘दशकाचा’ हा शब्द मुळात स्तुतीचा नाहीच, हे ध्यानात येते, आणि हे मान्य करायला लोक सर्वांत जास्त कचरतात. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने मिळवलेले यश आणि त्यानंतर आलेल्या कौटुंबिक अश्रुपटांची रांग पाहता त्या मराठी दशकाचा चित्रपट म्हणून दुसरे नाव घेणे मला अप्रामाणिक वाटते. तरीही अनेक समीक्षक ते टाळतात, कारण हे नाव घेतले की आपण त्या चित्रपटाचा गौरव केला असा अर्थ निघेल, अशी त्यांना धास्ती वाटते. वैद्याने रोगाचे नाव सांगितले म्हणून तो रोगाचा चाहता ठरत नाही.

हा घोळ केवळ गप्पांपुरता असता तर मी सोडून दिला असता. तो मोठ्या निवाड्यांतही शिरतो. १९७५ चा ‘शोले’ घ्या. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’, आणि ‘शोले’ला मिळाला तो एकच पुरस्कार, संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. पुढे २००५ मध्ये त्याच फिल्मफेअरने ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरवले. यावरून ‘आधी चूक झाली, मग दुरुस्त केली’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो मला पटत नाही. मधल्या तीस वर्षांत पडद्यावरच्या ‘शोले’त काही बदलले नव्हते, वाढत गेला तो बाहेरचा पुरावा, म्हणजे मुखोद्गत झालेले संवाद, गब्बरच्या छापातून निघालेले खलनायक आणि पुनःपुन्हा भरणारी चित्रपटगृहे. म्हणून मी म्हणतो की २००५ चा सन्मान नावाने ‘पन्नास वर्षांतला सर्वोत्तम’ असला तरी प्रत्यक्षात ‘पन्नास वर्षांचा चित्रपट’ या पदाला दिला गेला. त्या पदावर ‘शोले’चा हक्क निर्विवाद आहे. सर्वोत्तमतेसाठी मात्र शिंद्यांच्या संकलनाकडे जावे लागते, ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते त्या प्रसंगाची बांधणी उलगडून दाखवावी लागते, आणि ‘शोले’च्या बाजूने बोलणारे इतके कष्ट क्वचितच घेतात.

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाचे १९५२ पासून दर दहा वर्षांनी होणारे मतदान या क्षेत्रात सर्वांत मानाचे समजले जाते. प्रत्येक मतदार दहा चित्रपटांची नावे देतो आणि मते मोजली जातात. २०१२ मध्ये मतदारांना जे सांगण्यात आले त्याचा आशय असा होता, की ‘सर्वश्रेष्ठ’ याचा अर्थ तुम्हीच लावा: चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचे, कलेच्या दृष्टीने सर्वोच्च, किंवा तुमच्या स्वतःच्या दृष्टीवर सर्वाधिक परिणाम करणारे, यांपैकी कोणतेही दहा चित्रपट चालतील. हे औदार्य मला समजते, परंतु त्याचा परिणाम असा होतो की तीन निरनिराळ्या प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज करून एकच क्रमवारी छापली जाते. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, २०२२ मध्ये शांताल आकरमानचा ‘जान दिएलमान’. आणि प्रत्येक वेळी पहिला क्रमांक बदलला की जगभर वाद पेटतो. यातल्या पुष्कळ वादांचे मूळ, मला वाटते, त्या मोकळीकीत आहे.

‘जान दिएलमान’ १९७५ चा, म्हणजे ‘शोले’च्याच वर्षाचा आहे. एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम तीन तासांहून अधिक वेळ स्थिर कॅमेऱ्याने दाखवणारा हा चित्रपट २०१२ च्या मतदानात पहिल्या तिसांतही नव्हता. दहा वर्षांनी तो अव्वल ठरला तेव्हा ‘सत्तरच्या दशकात ज्याला फारसे कोणी पाहिले नव्हते तो सर्वश्रेष्ठ कसा?’ असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप चुकीच्या दारावर ठोठावतो. सत्तरच्या दशकाचा चित्रपट तो नाही, आणि आता मागे जाऊन होऊही शकत नाही, कारण त्या दशकाने त्याला तसे जगलेच नाही. सर्वोत्तमतेचा दावा मात्र केव्हाही उभा राहू शकतो. ज्याँ रन्वारचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ १९३९ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी हुर्यो करून नाकारला, त्याला कात्री लावली गेली, पुढे सरकारी बंदीही आली, आणि जवळजवळ मूळ रूपातली त्याची प्रत १९५९ मध्ये पुन्हा जुळवली गेली. तिसाच्या दशकातल्या सर्वोत्तमाची चर्चा आज त्याच्यावाचून होत नाही. अशा चित्रपटाला ‘काळाच्या पुढचा’ म्हणण्याची जी रीत आहे तिचा मला मनापासून कंटाळा आहे. हा शब्दप्रयोग दोन्ही पदे एकाच चित्रपटाला बहाल करू पाहतो, आणि प्रेक्षकांनी त्यात नेमके काय नाकारले होते हे शोधण्याचे श्रम वाचवतो.

दोन्ही पदे एकाच चित्रपटाला मिळणे अशक्य नाही. पन्नासच्या दशकातल्या भारतीय चित्रपटांबाबत १९५५ चा ‘पथेर पांचाली’ मी दोन्हीकडे लिहितो. मात्र त्यासाठी दोन्हीकडचे पुरावे स्वतंत्रपणे द्यावे लागतात, एकीकडचा दुसरीकडे उसना नेता येत नाही. २०१० ते २०१९ या मराठी दशकात ‘सैराट’च्या बाबतीत नेमके हेच होत नाही. बाहेरचा पुरावा भरपूर आहे: २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर भरलेली चित्रपटगृहे, कन्नड, पंजाबी आणि हिंदीत झालेल्या आवृत्त्या, जातीचा विषय गर्दीच्या चित्रपटात आणून दाखवल्याची नोंद. दशकाचा चित्रपट तोच. सर्वोत्तमाच्या वादात त्याच्या बाजूने बोलायचे तर हे सगळे विसरून शेवटच्या मिनिटांतल्या निःशब्दतेविषयी आणि पूर्वार्धाच्या गाण्यांनी तिची केलेली तयारी कशी लपवली त्याविषयी बोलायला हवे. तेवढ्या बळावर तो खरोखरच स्पर्धेत राहतो. तरीही माझे मत ‘कोर्ट’ला. एका वृद्ध लोकशाहिरावरचा खटला दाखवताना चैतन्य ताम्हाणे कॅमेरा हलवत नाहीत, वकिलांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातात, आणि खटल्याचे कामकाज संपून दिवे मालवले गेल्यावरही रिकाम्या न्यायालयात थांबून राहतात. तो अंधार पडद्यावर जितका वेळ टिकतो, तितक्या वेळात मला त्या व्यवस्थेविषयी जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही मराठी चित्रपटाने त्या दहा वर्षांत सांगितले नाही.

पद्धतीबद्दल माझे आग्रह थोडेच आहेत. दशक संपण्याच्या महिन्यातच सर्वोत्तमाची यादी करू नये, कारण शेवटच्या दोन वर्षांतले चित्रपट तोवर दुसऱ्यांदा पाहिलेले नसतात. एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट घ्यायचा हा नियम शिष्टाचाराचा आहे, निवडीचा नाही; तो मोडावा. यादी दहाचीच असावी, शंभराच्या यादीत कोणालाच काही नाकारावे लागत नाही.

एका दशकाचा निर्णय मात्र माझ्याकडून अजून झालेला नाही. २००० ते २००९ चा मराठी चित्रपट ‘श्वास’, यात मला शंका नाही: ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच मराठी चित्रपट, आणि त्यानंतर नव्या दिग्दर्शकांसाठी दारे उघडली ती कायमची. त्या दशकातला सर्वोत्तम ठरवताना मी हे सर्व बाजूला ठेवतो, दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखवायला निघालेल्या आजोबांकडे पाहतो, मग २००९ च्या ‘गाभ्रीचा पाऊस’मधल्या, नवऱ्याने जीव देऊ नये म्हणून त्याच्यावर दिवसरात्र पाळत ठेवणाऱ्या बायकोकडे पाहतो. आज कल दुसऱ्याकडे आहे. दोन्ही चित्रपट या वर्षी पुन्हा पाहीन, तोवर ती जागा कोरी राहील.