पीठ व पावातील ब्रोमेट अवशेषांची तपासणी

पोटॅशियम ब्रोमेट हे ऑक्सिडीकारक संयुग ग्लूटेन या पिठातील चिवट प्रथिनाची जाळी बळकट करून पाव अधिक फुगावा यासाठी पिठात मिसळले जात असे, आणि काही देशांत आजही मिसळले जाते. पीठ व भाजलेल्या पदार्थांत त्याचा अंश उरला आहे का, हे रासायनिक पद्धतींनी शोधणे म्हणजे ही तपासणी होय. उंदरांवरील प्रयोगांत ब्रोमेटमुळे मूत्रपिंडात अर्बुदे झाल्याचे दिसल्यानंतर या द्रव्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याचा समावेश ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २ब गटात केला. कॅनडाने १९९४ मध्ये आणि भारताने २०१६ मध्ये त्याचा खाद्यवापर बंद केला. अमेरिकेच्या संघीय नियमांत मात्र पावाच्या पिठासाठी ७५ दशलक्षांशांपर्यंतची (दहा लाख भाग पिठात ७५ भाग) मुभा राहिली.

भाजताना ब्रोमेटचे क्षपण होऊन, म्हणजे त्यातील ऑक्सिजन निघून जाऊन, निरुपद्रवी ब्रोमाइड बनते, असा त्याच्या वापराचा आधार होता. प्रत्यक्षात मात्रा जास्त पडली किंवा पाव कमी भाजला गेला, तर काही ब्रोमेट तसेच उरते. म्हणून पिठाची तपासणी ‘ब्रोमेट मिसळले होते का’ हे सांगते, तर पावाची तपासणी ‘खाणाऱ्याच्या पोटात काय जाते’ हे सांगते, आणि एकीचा निष्कर्ष दुसरीसाठी वापरणे चुकीचे ठरते. पावातील एकूण ब्रोमीन मोजूनही प्रश्न सुटत नाही, कारण धान्याला मेथिल ब्रोमाइडची धुरी दिली असेल तरी ब्रोमाइड वाढलेले दिसते.

पिठासाठी एक जुनी, सोपी प्राथमिक चाचणी आहे. काचेच्या पट्टीवर दाबून पसरलेल्या पिठावर आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण टाकले असता ब्रोमेटच्या कणांभोवती आयोडीन मुक्त होते व पिठातील स्टार्चशी संयोग पावून जांभळट-काळे ठिपके उमटतात. आयोडेट किंवा अन्य ऑक्सिडीकारकही असेच ठिपके देऊ शकतात, त्यामुळे ठिपका हा संशय आहे, पुरावा नव्हे.

पावात शोध घ्यायचा तो काही अब्जांशांचा, म्हणजे किलोग्रॅममागे काही मायक्रोग्रॅमचा असल्यामुळे तेथे ही चाचणी उपयोगी पडत नाही. पावाचा पाण्यात काढलेला अर्क गाळून त्यातील स्निग्धांश, प्रथिने आणि विशेषतः मिठातले क्लोराइड दूर करावे लागते. क्लोराइड चांदीच्या आयनांनी पकडले नाही, तर त्याचा मोठा संकेत ब्रोमेटचा क्षीण संकेत झाकून टाकतो. या कामातील खरी कसोटी यंत्रापेक्षा या शुद्धीकरणात असते. त्यानंतर आयन क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून ब्रोमेटची रंगअभिक्रियेने किंवा वस्तुमान वर्णपटमापीने मोजणी होते. ब्रोमेटमुक्त पावात ज्ञात प्रमाणात ब्रोमेट घालून ते किती परत मिळते, हेही पाहिले जाते. ‘आढळले नाही’ या शेऱ्यासोबत पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे तिला ओळखता येणारे किमान प्रमाण, दिली नसेल, तर त्या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

इतर पीठसुधारकांच्या बाबतीत मूळ द्रव्याऐवजी त्याचा माग शोधावा लागतो. ॲझोडायकार्बोनमाइड ओल्या कणकेत लवकर बदलून जाते, म्हणून भाजताना तयार होणारे सेमिकार्बाझाइड मोजतात. पण हेच संयुग नायट्रोफ्युराझोन या प्रतिजैविकाच्या वापराचीही खूण मानले जाते. पीठ पांढरे करणाऱ्या बेंझॉइल पेरॉक्साइडपासून बेंझॉइक आम्ल बनते, आणि तेच आम्ल परिरक्षक म्हणून वेगळे मिसळलेले असू शकते.