हार गाउची पारी : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून हार गाउ, म्हणजे पातळ पारीत कोळंबीचे सारण भरून वाफवलेले चिनी पदार्थ, नेणारे काही ग्राहक त्यांना ‘कोळंबीचे मोमो’ म्हणतात. हा समज स्वाभाविक असला, तरी दोहोंच्या पारीत मूलभूत फरक आहे आणि वाफवण्याच्या आमच्या सूचना त्या फरकामुळेच दिलेल्या आहेत.

दक्षिण चीनमधील ग्वांगचौ आणि हाँगकाँग येथील चहागृहांत चहाबरोबर असे लहान पदार्थ मागवून निवांत बसण्याच्या प्रथेला कँटोनीज भाषेत ‘यम चा’, म्हणजे ‘चहा पिणे’, असे म्हणतात. डिम सम हे त्या पदार्थांचे एकत्रित नाव. आचाऱ्याचा हात मात्र तेथे हार गाउवरूनच पारखला जातो.

मोमोची पारी मैद्याची असते. हार गाउसाठी गव्हातील चिकट प्रथिन धुऊन काढल्यावर उरलेले सत्त्व, म्हणजे कुरडयांसाठी आपण काढतो तो चीक वाळवून केलेले पीठ, वापरतात आणि त्यात ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचे थोडे सत्त्व मिसळतात. हे पीठ गार पाण्याने मिळून येत नाही. त्यावर उकळते पाणी ओतून, मोदकाच्या उकडीसारखे ते मळावे लागते. पारी लाटतही नाहीत: तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याखाली गोळी दाबून फिरवली की पातळ चकती होते. तिला एकाच बाजूने किमान 7 चुण्या घालाव्यात असा संकेत आहे. (मोदकाच्या कळ्या सहज पाडणाऱ्या आमच्या हातांनाही हे पहिल्या दिवशी जमले नव्हते.) वाफ लागताच पारी अर्धपारदर्शक होते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसू लागतो. सिउ माय या दुसऱ्या डिम समची पारी मैदा व अंड्याची, वरून उघडी. तिचे एवढे लाड करावे लागत नाहीत.

निवल्यावर सत्त्व घट्ट होते व पारी चिवट आणि धुरकट बनते, म्हणून हार गाउ पानात पडताच खावेत. गोठवलेले नग बाहेर काढून ठेवू नयेत. कोबीच्या पानावर थोड्या अंतराने मांडून, आधीच उकळत असलेल्या पाण्यावर साधारण 8 मिनिटे वाफवावेत. अधिक वेळ ठेवल्यास पारी फाटते.

सारणात कोळंबी, बांबूचे कोंब, तिळाचे तेल आणि परंपरेप्रमाणे डुकराची चरबी असते, याची ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी कृपया नोंद घ्यावी. सत्त्व धुतलेले असले तरी त्यात ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातील त्या चिकट प्रथिनाचा, अंश राहू शकतो. गहू न चालणाऱ्यांनी हार गाउ टाळावेत.