पाठीवरचं टाचणीएवढं छिद्र

फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ ज्याँ क्रूव्हेये यांनी १८२९ साली मेंदूतल्या एका गाठीला मोत्याची उपमा दिली. पांढरी, गुळगुळीत, चकाकणारी. कापली की आत मेणासारखा मऊ, पापुद्र्यावर पापुद्रा चढलेला ऐवज. १८३८ मध्ये जर्मनीतल्या योहानेस म्युलर यांनी तिला ‘कोलेस्टिएटोमा’ म्हटलं. शब्दाचा अर्थ पित्त-चरबीची गाठ. प्रत्यक्षात आत साचलेलं असतं ते त्वचेचं झडलेलं केराटिन (वरच्या थरातलं कठीण प्रथिन) आणि त्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक. चुकीचं नाव कान-नाक-घसा विभागात मध्यकर्णाच्या आजारासाठी आजही टिकून आहे. आपल्याकडे मानेवरच्या साध्या एपिडर्मॉइड सिस्टला (त्वचेचं अस्तर असलेल्या, केराटिनने भरलेल्या गाठीला) ‘चरबीची गाठ’ म्हणतात, तीही त्याच जातीची चूक.

पण त्वचा मेंदूत आणि मणक्यात पोचते कशी? गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवरची पन्हळ मिटून तिची नळी होते (हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते), आणि वरची त्वचा त्या नळीपासून सुटी होते. सुटताना काही पेशी आत अडकल्या तर त्यांची गाठ होते. एखाद्या जागी त्वचा सुटलीच नाही, तर आतबाहेर जोडणारी वाट राहते: बाहेर टाचणीएवढं छिद्र, आत त्वचेचंच अस्तर असलेली बारीक नळी, कधी थेट मज्जारज्जूपर्यंत. वाटेत किंवा टोकाला अनेकदा एपिडर्मॉइड किंवा डर्मॉइड गाठ सापडते. डर्मॉइडमध्ये केस आणि तेलग्रंथीही असतात.

१९३४ साली शिकागोचे अर्ल वॉकर आणि पॉल ब्युसी यांनी ‘काँजेनायटल डर्मल सायनस’ या नावाने ही वाट मांडली, ती मेंदूज्वराचं आणि मणक्यातल्या गळवाचं मूळ म्हणून. मुलाला पुन्हा पुन्हा मेंदूज्वर होतो आणि कमरेतून काढलेल्या मणक्यातल्या पाण्यात स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय हे जंतू सापडतात, तेव्हा डोक्याच्या मागच्या भागापासून माकडहाडापर्यंतची मधली रेघ केस बाजूला सारून बघायची. ढुंगणाच्या घडीत, गुदद्वारापासून २.५ सेंमीच्या आतली, ५ मिमीपेक्षा लहान, तळ दिसणारी खळगी सहसा निरुपद्रवी असते. घडीच्या वर छिद्र असेल, शेजारी केसांचा झुपका किंवा लाल डाग असेल, तर एमआरआय हवाच. छिद्रात सळई घालून खोली मोजायची नाही, रंगद्रव्य सोडायचं नाही. त्यानेच जंतू आत जातात. शस्त्रक्रियेत नळीचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो, गरज पडली तर ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचं जाड आवरण) उघडून. वरचा तुकडा काढून टाके घातले की आतलं अस्तर केराटिन टाकतच राहतं. गाठ फुटून ते सांडलं, तर जंतू नसतानाही मेंदूज्वरासारखी दाहप्रतिक्रिया होते.

अडकलेल्या त्वचेचा सिद्धांत पटायला एक वाईट पुरावाही मिळाला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आल्यावर क्षयाच्या मेंदूज्वरात मुलांच्या कमरेतून वारंवार पाणी काढलं जाई. त्यांतल्या काही मुलांच्या मणक्यात पुढे एपिडर्मॉइड गाठी आढळल्या. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांची नोंद छापली. पोकळ सुई त्वचेतून जाताना तिच्या टोकात कातडीची चकती कापली जाते आणि आत सोडली जाते. म्हणून स्टायलेट (सुईची पोकळी बंद करणारी बारीक तार) आत ठेवूनच त्वचा ओलांडायची. तान्ह्या बाळांत सोयीसाठी स्टायलेट नसलेली बटरफ्लाय सुई वापरली, तर हीच चूक पुन्हा होते. आणि गाठ लक्षणं द्यायला लागते, तेव्हा सुई टोचल्याची आठवण कुणाला नसते.